तळ्यातली पाणकोबी

मित्रांनो, मी माशांची एक जुनी काचपेटी. परभणीच्या एका काचवाल्याने मला सांधलं आणि भुजंग नावाच्या पॉइंटमनने मांडीवर धरून पूर्णेला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आणलं. धुरपताबाईचं, त्याच्या बायकोचं, मन रमावं म्हणून.

त्यांचं गाव वालूरजवळ. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल उसळली, त्यात त्यांची बौद्ध वस्ती जळाली. तेव्हापासून धुरपताबाई गावी गेल्या नव्हत्या. तळ्याची आठवण मात्र रोज काढायच्या.

भुजंगची ड्यूटी वेळी-अवेळी, बाई दिवसभर मजुरीला. माझ्याकडे बघायला सवड कुणाला? वाळूत लावलेली रोपं कुजली, काही मासे दगावले. मग माती न लागणारं, पाण्यावर तरंगणारं काहीतरी शोधायचं ठरलं. नदीतली जलपर्णी आणली, तर ती काचेबाहेर डोकावू लागली. टिकलीएवढ्या पानांचं शेवाळ सोडलं, तर त्याने सगळं पाणी झाकून टाकलं, मासे अंधारात पडले. बाई म्हणाल्या, आमच्या तळ्यातली पाणकोबीच बरी. तिची मुळं पाण्यात लोंबतात, पिल्लं त्यांत लपतात. जास्त झाली की उचलून काढायची, एवढंच काम.

पण त्यासाठी गावी जावं लागणार होतं. भुजंग म्हणाला, मी आणतो. बाई ऐकेनात. एका सकाळी एकट्याच घागर घेऊन निघाल्या.

परतल्यावर पाणकोबी माझ्यात सोडता सोडता त्यांनी सारं सांगितलं. तळ्यावर चतुराबाई भेटली होती, पाटलाच्या घरातली, लहानपणी यांच्यासोबत पोहलेली. तिने स्वतः पाण्यात उतरून घागर भरून दिली आणि खाली बघत म्हणाली, “धुरपते, तुजी चूल अजून हाय तितं. कुनी मोडली न्हाई.”

“मग, बघून आलीस का?” भुजंगने विचारलं.

“पाय उचलला न्हाई,” बाई म्हणाल्या. आणि कितीतरी वेळ पानं नीट लावत राहिल्या.

पाणकोबी रुजली नाही, पण जगली. पुढल्या सुटीत गावी जाऊ, असं बाई दरवर्षी म्हणायच्या. ती सुटी आलीच नाही. ब्याण्णवच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

भुजंग मग माझ्याकडे फारसा बघेना. कधी तांब्याभर पाणी ओतायचा, तेवढ्यावर पाणकोबी तगली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. क्वार्टरांपुढे पणत्या लागल्या, निळा गुलाल उधळला. भुजंग पेढे घेऊन आत आला आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, “झालं गं नाव.”

तो माझ्याजवळ बसला आणि पिवळी पानं एकेक करून काढू लागला.

मित्रांनो, सवड नसेल तर कमी मागणारंच रोप निवडा. पण जो थोडक्यात भागवतो, त्याला काहीच लागत नाही असं समजू नका.