दोन्ही उजवेच

अठ्ठावीस वर्षं मी बस चालवली. आरशात बघून डावं-उजवं ठरवण्यात जन्म गेला, आणि तरी हे गाढवपण माझ्याच हातून व्हायचं होतं!

बायकोचं छातीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तीन महिने डोक्यावरून काही घालायचं नाही, हात वर न्यायचे नाहीत. थंडी तर तोंडावर आलेली. बायकोने लगेच पुढून उघडणारा लोकरीचा लांब कोट विणायला घेतला. पाठ झाली, बाह्या झाल्या, पुढचा उजवा भाग झाला, आणि भरती व्हायचा दिवस उजाडला. डावा भाग तेवढा राहिला. सुया टोपलीत खोचून ती म्हणाली, "आल्यावर बघू." ते "आल्यावर" मला फार लागलं.

ऑपरेशन पार पडलं, पण ताप काही हटेना. दोनदा घरी सोडतो म्हणाले, दोनदा नाही म्हणाले. हॉस्पिटलच्या बाकावर नुसता बसून मी काय माशा मारणार? टोपली उचलून आणली. मेव्हणीने फोनवरून विणायला शिकवलं. तिचा एकच धोशा, "भावजी, ओढू नका हो, लोकर आहे ती, गिअर नाही!"

मनाने खूळ घेतलं होतं, कोट पुरा झाला की ही घरी येणार. हसा खुशाल. तिचा उजवा भाग मांडीवर पसरायचा आणि ओळीमागून ओळ तस्साच विणायचा. गळ्याचा उतार तसाच, बटणांची काजंसुद्धा तशीच. चुकलं की उसवायचं, स्वतःला चार शिव्या घालायच्या, पुन्हा विणायचं.

अकराव्या दिवशी दुपारी शेवटचा टाका बंद केला. घरी येऊन सगळे तुकडे पलंगावर मांडले, तर काय! दोन्ही उजवेच! अक्कल गहाण ठेवून हुबेहूब उतरवल्यावर दुसरं काय होणार? तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलचा नंबर.

"काका, दोन दिवस ताप नाही," नर्स म्हणाली. "या, घेऊन जा त्यांना."

मी "बरं" म्हणालो आणि त्याच पलंगावर बसून ढसाढसा रडलो. मग तुकडे उशीखाली कोंबले आणि धावलो.

घरी आल्यावर ती पलंगावर टेकली न टेकली तोच तिला खोकला आला. खोकताना छातीशी उशी धरायची, असं नर्सने शिकवलेलं. तिने उशी ओढली, आणि माझं पितळ उघडं पडलं.

"हे कुणी विणलं?"

"मी. दोन्ही उजवे झालेत. उसवून टाकतो."

तिने दोन्ही भाग शेजारी ठेवले आणि उशी घट्ट आवळून हसत सुटली. "अहो, हसवू नका हो, दुखतंय!" मग माझा भाग उचलला आणि सरळ पालथा घातला. "सगळ्या ओळी सुलट आहेत. दोन्हीकडून सारखंच दिसतं. हा घ्या तुमचा डावा."

"आणि ती काजं?"

"त्यांच्यावरच बटणं शिवायची. आहे काय त्यात?"

इतका हलका मी निवृत्तीच्या दिवशीही झालो नव्हतो. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. एरवी वेली, जाळ्या, काय काय नक्षी काढणारी ही बाई! "या वेळी इतकं साधं का गं विणलंस?"

ती उशीची कड चाचपत राहिली. "मी परत आले नसते, तरी तुम्ही ते अर्धं ठेवलं नसतंत. म्हटलं, तुम्हाला जमेल असंच विणावं."

"वेडी आहेस का!" मी ओरडलोच. डोळे भरून आले होते, ते कसे लपवणार?

"ओरडू नका. सुई आणा."

तिने शिवलं, मी दोरा ओवून दिला. संध्याकाळी हात वर न नेता तिने कोट अंगात घातला. माझ्या बाजूने जरा लोंबतो. पुढच्या थंडीत मला नक्षीचाच स्वेटर पाहिजे, आणि तो तूच विणायचास, अशी तंबी दिलीय मी तिला.