मधल्या खिडकीवरचा चेहरा

"ही कोण?"

बायको काठी टेकत शेडच्या दारात उभी होती. कारागिराने दचकून मातीच्या चेहऱ्यावर ओले फडके टाकले, आणि तिथेच त्याची चोरी पकडली गेली.

"काढा ते फडकं. बघू तरी सवत कशी आहे."

अर्धांगाचा झटका येऊन दवाखान्यातून परतल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. चेहऱ्याची डावी बाजू उतरली होती, ओठाचा कोपरा खाली ओघळला होता. आज मात्र पाय ओढत अंगण ओलांडून आली होती. त्याने फडके काढले.

चेहरा बाजारपेठेतल्या जुन्या कापड दुकानासाठी होता. दीडशे वर्षांपूर्वी कुणा कापडवाल्याने हात सैल सोडून बांधलेली ती इमारत. सज्जांखाली फुलांच्या माळा, खांबांना कुरळी पाने, छताच्या कडेला कलश. इंचभर भिंत सपाट ठेवायची नाही असा पणच केलेला. आणि प्रत्येक खिडकीवर एका बाईचा चेहरा, एकीसारखी दुसरी नाही. त्या वेळच्या कारागिरांनी आपापल्या घरच्या बायका वर नेऊन बसवल्या, असे या धंद्यात सगळेच मानत. त्यामुळे एखादा चेहरा पडला तर शेजारचा साचा घेऊन भागवायचे नाही. दुरुस्त करणाऱ्याने आपल्या घरचे माणूस द्यायचे. मधल्या खिडकीवरचा चेहरा निखळला आणि काम याच्याकडे आले. दुसरे कुणी त्याच्या मनातही आले नाही.

"तूच आहेस," तो म्हणाला. "ओळखलं नाहीस?"

ती जवळ येऊन बघत राहिली. दोन्ही गाल सारखे, ओठ सरळ.

"डावी बाजू कुठून आणलीत?"

"उजवीवरून. मापं घेऊन उलटी केली. एक बाजू शाबूत असली की दुसरी काढता येते, आमच्यात तसंच..." त्याची जीभ अडखळली.

"म्हणजे दुरुस्त केलंत मला."

"अगं, लोक बघणार, मालक बघणार..."

"लोकांवर ढकलू नका. दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलता कुठे? चहाच्या कपाशी बोलता, औषधाच्या बाटलीशी बोलता. आणि हिच्याकडे मात्र दिवसभर टक लावून बसता. दिसतं मला खिडकीतून."

खरेच होते ते. तिच्या तोंडाकडे पाहणे त्याला सोसवत नसे, आणि ते तिला कळू नये म्हणून तो नजर चुकवी. आपण तिला जपतो आहोत, अशी त्याने स्वतःची सोयीस्कर समजूत घातली होती.

"मला तू पूर्वीसारखी हवी होतीस," तो स्टुलावर बसत म्हणाला. "निदान तिथे तरी."

"मलाही ती हवी होती," ती म्हणाली. तिचे शब्द जड येत होते. "पण ती गेली हो. मी राहिलेय."

तिने काठी टेबलाला टेकवली आणि उजव्या हाताचा अंगठा मातीच्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवला. तो अर्धवट उठला. इतक्या सगळ्या देखण्या बायकांच्या मधोमध हे वाकडे तोंड! मालक आकांडतांडव करेल, काम हातचे जाईल. पण तिचा हात धरायला त्याचा हात पुढे होईना.

तिने अंगठा दाबून खाली ओढला. माती ओली होती, मुकाट्याने आली. मग तिने गाल बसवला, पापणी उतरवली.

"असंच आहे ना?" तिने विचारले. "मी आरशात बघत नाही. तुम्ही बघून सांगा."

त्याने आधी मातीकडे पाहिले. मग मान वर करून तिच्याकडे पाहिले. डोळे भरून आले तरी नजर हलवली नाही.

"ओठ," तो म्हणाला, "अजून जरा खाली."