पुढच्या सीटखाली मावेल इतकं

नवरा बरोबर न्यायचा असेल तर तो वैयक्तिक वस्तूत धरला जातो, आणि वैयक्तिक वस्तू तीन किलोंच्या वर चालत नाही. हे तिकिटाच्या मागे स्वच्छ छापलेलं होतं, त्यामुळे कुमुदताई चौबळांनी कुणाशी हुज्जत घातली नाही. हुज्जत घालायला वेळ तरी कुठे होता? तिकडे कोचीला लेकीचे दिवस भरले होते, आणि इकडे दिगंबरराव बहात्तर किलोंचे.

चार दिवस लागले त्यांना कमी करायला. आकाराची तशी अडचण नसते. विमानतळावरच्या लोखंडी चौकटीत उतरवलं की माणूस चौकटीएवढा होतो. वजन मात्र घरीच काढून ठेवावं लागतं. कुमुदताईंनी पहिल्या दिवशी पाटबंधारे खात्यातली तेहेतीस वर्षं काढली, ती एकटीच एकोणीस किलो भरली. मग धाकट्या दिरांशी विहिरीवरून झालेलं भांडण, मग गुडघेदुखी, मग क्रिकेट, मग लहानपण. एकेक गोष्ट धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून, वर डांबराच्या गोळ्या टाकून त्यांनी कपाटात लावून ठेवली. दिगंबरराव पलंगावर बसून सांगत होते, "ते नीट ठेव गं, परत आल्यावर लागेल." जन्मात स्वतःची बॅग भरली नाही या माणसाने, सूचना मात्र अखंड चालू.

शेवटी डोळे, हात, तपकिरी बूट, चहाची आवड आणि एक वाक्य एवढंच त्यांच्यापाशी उरलं. बाकी ते स्वतः. काटा बरोबर तीन किलोंवर थांबला. रिक्षातून जाताना वाऱ्याने उडू नयेत म्हणून कुमुदताई त्यांची बाही धरून बसल्या.

ते वाक्य नेणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. मृण्मयीने अडीच वर्षांपूर्वी थॉमसशी लग्न केलं, त्या दिवशी दिगंबरराव दार लावून आत बसले आणि त्यानंतर लेकीशी एक अक्षर बोलले नाहीत. आता तिने फोनवर आईला सांगितलं होतं, "बाबांना घेऊन ये. पण त्यांनी तोंडाने म्हणायला हवं. नुसतेच येऊन बसणार असतील तर नकोत मला. मग तूही नकोस." एकुलती एक पोर, पहिलं बाळंतपण, आणि आई नको म्हणते! पण तिचं चुकतंय असंही कुमुदताईंना म्हणवेना. दुसऱ्या दिवसापासून दिगंबरराव न्हाणीघरात नळ सोडून आत पुटपुटायला लागले. महिनाभर घोकल्यावर ते वाक्य तयार झालं. "मृणू, माझं चुकलं." तीन शब्दांचं, पण भरलं सहाशे चाळीस ग्रॅम.

विमानतळावर सगळं सुरळीत पार पडलं. चौकटीत पाय ठेवल्याबरोबर दिगंबरराव दीड वितीचे झाले, आणि कुमुदताईंनी त्यांना निळ्या पिशवीत घालून चेन लावली, बोटभर फट ठेवून. दुसऱ्या हातात लाल बॅग. तिच्यात बाळंतविडा, डिंकाचे लाडू, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा आणि स्वतःची पर्स, सात किलोला एक ग्रॅम कमी नाही की जास्त नाही. गेट क्रमांक एकोणीससमोरच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या बारा रांगा होत्या. त्या नवव्या रांगेत बसल्या.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिली घोषणा झाली आणि शेवटची रांग गेली. तिथे आता भिंत होती. त्या रांगेतली माणसं उठून पुढे येऊन उभी राहिली. दुसऱ्या घोषणेला अकरावी रांग गेली.

"आत बरं आहे ना हो?" कुमुदताईंनी पिशवीकडे वाकून विचारलं.

"गरम होतंय. चहा मिळेल का?"

"आता कसला चहा! वजन वाढेल तुमचं."

फोन वाजला. मृण्मयी होती, आवाज दबलेला. "आई, कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात आणलंय मला. बाबा आहेत ना बरोबर?"

"आहेत गं. अगदी माझ्या पायाशी आहेत."

"म्हणणार आहेत ना ते?"

"म्हणतील. पाठ करून ठेवलंय. तू लांब श्वास घे, देवाचं नाव घे. आलेच मी."

फोन ठेवेपर्यंत त्यांची रांग शेवटची झाली होती. भिंत पाठीला गार लागली तशा त्या चटकन उठल्या आणि ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. पुढचे गृहस्थ आपल्या वडिलांची घडी घालत होते, इस्त्रीवाला घालतो तशी, कडेला कड जुळवून. म्हातारे म्हणत होते, "डावीकडून सुरकुती पडतेय रे." गृहस्थांनी ती हाताने सारखी केली.

गेटवर तृप्ती घोलप नावाची मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर टिकली, चेहरा मायाळू. तिने लाल बॅग काट्यावर ठेवली: सात. निळी पिशवी ठेवली: तीन. "व्वा, काकू! असं नेटकं कुणी आणत नाही बघा. कुठे, लेकीकडे?"

"हो, बाळंतपणाला. पहिलंच आहे. कळा सुरू झाल्यात."

"अगं बाई! आणि रिकाम्या ओटीने निघालात? घरी कुणी भरली नाही?"

"आम्ही दोघंच घरात. भरणार कोण?"

"थांबा," म्हणत तृप्तीने टॅगांच्या गुंडाळीशेजारचा ड्रॉवर उघडला. आणि इथेच कुमुदताईंची चूक झाली, त्यांनी विचारच केला नाही. समोरच्या बाईने ओटी म्हटलं आणि त्यांचे हात आपोआप पदर पसरून पुढे झाले. चाळीस वर्षांची सवय ती, हात कशाला विचारतील? तृप्तीने हळदीकुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ ठेवला, आणि वाकून नमस्कार केला. मग सरळ उभी राहून म्हणाली, "नऊशे ग्रॅम जास्त झालं, काकू."

"काय?"

"ओटी वैयक्तिक वस्तूत धरतात. तीन आणि नऊशे. नऊशे काढावे लागतील."

"मग ही ओटीच घे परत."

तृप्ती दोन पावलं मागे सरली. "असं बोलू नका. लेक तिकडे अडलीय आणि तुम्ही भरलेली ओटी परत देता? काही कमीजास्त झालं तर?"

कुमुदताईंना भीती वाटली, खरोखरची, तळपायापर्यंत गेलेली. तरी त्यांनी पदर उलटा करून पाहिला. तांदळाचा एक दाणाही पडला नाही. नारळ कापडाला धरून तसाच लोंबत राहिला. मागे घोषणा झाली. आता हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोनच रांगा होत्या.

"लाल बॅगेतलं काढू का? लाडू काढते."

"लाल बॅगेची मर्यादा वेगळी आहे, काकू. तिचं कमी करून याचं भरून निघत नाही. यांच्यातलंच काढायला हवं."

कुमुदताईंनी निळी पिशवी उघडली. दिगंबरराव आत गुडघे छातीशी घेऊन बसले होते. त्यांनी बूट आधीच सोडून ठेवले होते. "हे घे," म्हणाले. बूट भरले तीनशे. चहाची आवड त्यांनी जड मनाने दिली, ती साठ. तृप्तीने दोन्ही मागच्या टेबलावर ठेवलं. अजून पाचशे चाळीस हवे होते.

"हात काढा," तृप्तीने सुचवलं. "दोन्ही मिळून पाचशे चाळीसच आहेत. अगदी बरोबर बसेल."

"हो, हातच काढ," पिशवीतून आवाज आला.

"आणि नातवंडाला घेणार कशाने? कोपरांनी?" कुमुदताई खेकसल्या. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, नेहमीप्रमाणे रागच आधी बाहेर पडला. मग त्यांना युक्ती सुचली. सुचली तेव्हा ती इतकी साधी वाटली, की आधी कशी सुचली नाही याचंच त्यांना नवल वाटलं. या माणसाच्या वतीने त्या जन्मभर बोलत आल्या होत्या. शाळेत मास्तरांशी त्या बोलल्या, सोसायटीत त्या बोलल्या, सोयरिकीत नाही म्हणायचं असलं तरी त्या. "अहो, ते वाक्य द्या इकडे. मी सांगते तिला."

"नको, कुमुद. ते राहू दे. हात काढ."

"तुम्ही गप्प बसा. तिथे गेल्यावर तुमची दातखीळ बसायची आणि पोर हॉस्पिटलातून परत पाठवायची आपल्याला. मला माहीत नाही का तुम्ही?"

"ते मी म्हणायचंय," दिगंबरराव म्हणाले. "हात का—"

कुमुदताईंनी दोन बोटं घालून वाक्य काढलं. ओल्या रुमालाच्या घडीएवढं होतं ते, आणि कोमट. महिनाभर घशात राहून आवाजाला पक्कं चिकटलं होतं, म्हणून आवाजही मुळासकट बरोबर आला. दिगंबररावांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि खाली बघत बसले. कुमुदताईंनी पटकन चेन ओढली आणि वाक्य तोंडात टाकलं, जिभेखाली, हरवू नये म्हणून. तोंडातल्या वस्तूचं वजन करत नाहीत, हे त्यांनी बडीशेप खाणाऱ्या लोकांवरून आधीच हेरलं होतं.

काट्याने दोन किलो नऊशे दाखवलं. तृप्ती खूश झाली. "झालं बघा! आता एकच प्रश्न, सगळ्यांना विचारतो आम्ही. दुसऱ्या कुणी दिलेलं काही तुमच्याजवळ आहे का?"

नाही म्हणायला कुमुदताईंनी तोंड उघडलं.

"मृणू, माझं चुकलं," दिगंबररावांचा आवाज बाहेर आला. जसा यायला हवा होता अगदी तसाच आला, शेवटच्या शब्दावर किंचित फुटलेला. ओळीतली माणसं वळून बघायला लागली. गेटापलीकडून घडी घातलेले म्हातारेही बघायला लागले.

तृप्तीचे डोळे भरून आले. "असू दे हो," ती म्हणाली. "झालं गेलं विसरून जा." आणि तिने बोर्डिंग पास फाडून अर्धा तुकडा कुमुदताईंच्या हातात दिला.

कुमुदताईंनी जीभ फिरवली. दाढांमागे पाहिलं, टाळूला लावून पाहिलं. तोंडात काही नव्हतं. त्यांनी ते तीन शब्द स्वतः म्हणून पाहिले तेव्हा ते त्यांच्याच आवाजात आले, हलके, कुणालाही म्हणावेत तसे. "अगं, ते परत दे," त्या तृप्तीला म्हणाल्या. "ते तुझ्यासाठी नव्हतं गं, माझ्या लेकीसाठी होतं!"

"पुढे व्हा, काकू. मागे भिंत आलीय."

भिंत खरंच आली होती, शेवटच्या माणसाच्या खांद्याला टेकून. विमानाकडे जाणारा बोळ पुढेपुढे बसका होत गेला होता. सगळे वाकून चालत होते, मग गुडघ्यांवर. कुमुदताई एका हाताने ओटी सांभाळत आणि दुसऱ्याने दोन्ही बॅगा ढकलत गेल्या. "अहो," त्या मध्येच म्हणाल्या. "अहो, रागावलात का?" पिशवी नुसती घासत पुढे जात राहिली. एवढ्या वर्षांत त्यांच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही असं कितीदा तरी झालं होतं, पण तेव्हा पलीकडे माणूस मुद्दाम गप्प असायचा. आता तसंही म्हणता येत नव्हतं.

जागा मधली मिळाली, तेविसाव्या ओळीत. लाल बॅग वर गेली. निळी पिशवी त्यांनी पुढच्या सीटखाली सरकवली. ती अर्धी आत गेली, अर्धी बाहेर राहिली. पट्टा बांधल्यावर मांडीवर नारळ आला आणि त्यांना वाकता येईना.

हवाई सुंदरी आली. "मॅडम, बॅग पूर्ण आत हवी. तोपर्यंत विमान हलणार नाही."

"वाकता येत नाही हो मला."

"पायाने ढकला ना."

"पायाने कसं?" कुमुदताई म्हणाल्या. "आत आमचे हे आहेत."

"सगळ्यांचेच आहेत," हवाई सुंदरी म्हणाली.

खरंच, सगळी ओळ पायाने ढकलत होती. पलीकडचे गृहस्थ वडिलांना टाचेने आत सारत होते आणि दर वेळी हात छातीला लावत होते. कुणाचा चुकून पाय लागला तरी त्याला हात लावून कपाळाला लावायचा, हे कुमुदताईंना चालायला लागल्यापासून माहीत होतं. पण सगळं विमान त्यांच्या पावलाकडे बघत होतं. त्यांनी चप्पल काढली. अनवाणी पाऊल पिशवीवर ठेवलं, मनात क्षमा मागितली आणि हळूच दाबलं.

चेनीच्या फटीतून दोन हात बाहेर आले आणि त्यांनी पाऊल धरलं.

"अजून थोडं आत," हवाई सुंदरी म्हणाली.

कुमुदताईंनी पाऊल ओढून पाहिलं. ते सुटेना. कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला, आणि हवाई सुंदरी तो बंद करा म्हणत असतानाच त्यांनी कानाला लावला. तिकडे खूप माणसांचा आवाज होता, कुणीतरी मल्याळममध्ये घाई करत होतं, आणि त्या गलबल्यातून मृण्मयी धापा टाकत म्हणाली, "आई, आत नेतायत मला. बाबांना दे."

"अगं, ऐक ना—"

"तू नाही. बाबांना दे फोन."

कुमुदताईंनी फोन धरलेला हात जेवढा जाईल तेवढा खाली सोडला. तो गुडघ्यापर्यंतच पोचला. पिशवीतल्या हातांनी पाऊल आणखी घट्ट धरलं, पिशवी पावलासकट पूर्ण आत गेली, आणि विमान मागे सरकायला लागलं.