पिंपाचं तेल

लोखंडी पान्याचा पहिला फटका सारियेमच्या खांद्यावर बसला. दुसरा तिने हातातल्या घमेल्यावर झेलला, तेव्हा घमेल्याचा काठच दुमडला.

“चोरटे! माझ्या पिंपाला पाणी पाजतेस?”

“पाणी नाही हो बापाक, तेलच आहे. पातळ असतं हे,” ती बापाला म्हणाली.

“मला शिकवतेस तेल? काळं आण, काळं! मोटारसायकलवाल्याकडचं!”

शेडमध्ये तिन्ही पिंपं गरगरत होती. आत दगडावर दगड आपटत असल्यामुळे दोघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं. तिसरा फटका यायच्या आत सारियेमने बापाचं मनगट पकडून पाना हिसकावला आणि मागच्या ओढ्याकडे भिरकावला. म्हातारा करसो लुंगी सावरत केळीच्या झाडांकडे निघून गेला, जणू काही झालंच नव्हतं.

दोनोरोजो गावात अकीकाचे दगड घासायचं पहिलं पिंप करसोनेच बसवलं होतं. तेव्हा सगळं सागवानी ठोकळ्यांवर फिरायचं. ठोकळ्यांना गाड्यांचं जळकं, काळं तेल चालायचं, उलट तेच बरं पडायचं. आता पिंपाखालचे रूळ पितळी बुशात, म्हणजे आसाभोवतीच्या नळ्यांत, फिरत होते. काळ्या तेलात लोखंडाचा कीस असतो, तो बुश खाऊन टाकतो. जाड ग्रीसला दगडाची पूड चिकटते आणि बुशातच वाटण सुरू होतं. म्हणून सारियेम शिवणयंत्राच्या तेलासारखं पातळ तेल वापरायची, दोन्ही टोकांना थेंब थेंब सोडायची आणि लगेच फडक्याने पुसून घ्यायची. रुळांवरच्या रबराला मात्र तेलाचा डागही लागू द्यायची नाही. रबर तेलकट झालं की पिंप जागच्या जागी घसरतं.

हे बदल करसोने स्वतःच केले होते. बुश त्यानेच ठोकून बसवले होते. पण त्याच्या डोक्यातून ती सगळी वर्षं पुसून गेली होती. आता त्याला फक्त सागवानी ठोकळे आठवायचे आणि पिंप तहानलेलं आहे असं सारखं वाटायचं. शुद्धीत असताना त्याने बायकोवर हात उगारला होता, पण लेकीवर कधी नाही. आता सारियेमच्या पाठीवर जुने वळ बुजायच्या आत नवे उठत होते.

त्या आठवड्यात ती बाजारातून परतली तेव्हा जळक्या रबराचा वास रस्त्यापर्यंत आला होता. ती पळत शेडमध्ये शिरली. करसोने स्वयंपाकघरातलं सगळं खोबरेल आणून रुळांवर, पट्ट्यावर, मोटारीवर ओतलं होतं. मधलं पिंप घसरून खाली पडलं होतं आणि त्याचं झाकण उडालं होतं. राखाडी चिखलात अर्धवट घासलेले तांबडे दगड पसरले होते. मोटारीतून धूर येत होता आणि म्हातारा तिच्यावर हातोडा घालत होता.

“पी! पी ना गं! पीत का नाहीस?”

सारियेमने आधी बटण बंद केलं. मग हातोड्याला हात घातला. झटापटीत हातोडा तिच्या करंगळीवर आला आणि हाड मोडल्याचं तिला कानांनी कळलं. त्यानंतर काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिने बापाला चिखलात आडवं केलं, त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि चांगल्या हाताने त्याच्या तोंडात मारत राहिली. म्हाताऱ्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पाय पोटाशी ओढले. “नको ना, आई,” तो म्हणाला.

ती उठली आणि ओढ्यावर जाऊन ओकली.

शेजाऱ्यांनी फोन केला म्हणून तिचा थोरला भाऊ गुनार्तो सुराबायाहून मोटारसायकलवर आला. तिकडे तो ट्रक चालवायचा. येताना त्याने साखळी, कडी आणि कुलूप आणलं होतं. त्याने बहिणीची बांधलेली करंगळी पाहिली, बापाचा सुजलेला गाल पाहिला. म्हाताऱ्याला कसाव्याच्या पिठाचं तिवुल भरवता भरवता त्याचा उजवा हात कडीत घातला आणि साखळी शेडच्या खांबाला बांधून टाकली.

“मास, हे काय करतोस?” तिने थोरल्या भावाला विचारलं.

“अशा माणसांचं गावात दुसरं काय करतात? तूच सांग.”

सारियेम खाली बसून रॉकेलने बुश धूत राहिली. खोबरेल चिकट होऊन डिंकासारखं बसलं होतं.

करसोने रात्रभर साखळी ओढली. सकाळी त्याचं मनगट कडीच्या दोन्ही बाजूंनी फुगलं होतं, कातडी फाटली होती आणि बोटं जांभळी पडली होती. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, तरी तोंड उघडंच होतं.

“किल्ली दे,” सारियेम म्हणाली.

“नाही देणार.”

“हात सडेल त्याचा!”

“सडू दे! तुझं डोकं फुटण्यापेक्षा बरं. उद्या तू मेलीस तर मला कळवणार कोण? तो?”

तिने गुनार्तोच्या खिशात हात घातला. त्याने तिचा हात पिरगळला. तिने खालचा दगड उचलून त्याच्या कपाळावर हाणला. गुनार्तो भिंतीवर आदळला, डोळ्यांत रक्त उतरलं, आणि त्याने बहिणीला अशी लाथ मारली की ती घमेल्यांवर जाऊन पडली. दोघं धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले. लहानपणीही ते कधी असे भांडले नव्हते.

“मर त्याच्याबरोबर,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. किल्ली त्याच्या खिशातच राहिली.

सारियेमने करवत आणली, पण पातं कडीवरून नुसतं घसरत होतं, आणि प्रत्येक धक्क्याला म्हातारा आक्रसत होता. तिने करवत टाकली आणि आपलं पातळ तेल कडीत ओतलं. ते रक्ताबरोबर कोपरावरून ओघळून गेलं. खोबरेलाचा थेंब घरात उरला नव्हता. मग तिला हातगाडीच्या आसाला लावायचं जाड ग्रीस आठवलं. तो डबा ती पिंपांच्या आसपासही फिरकू देत नसे. तिने मूठभर ग्रीस काढून मनगटावर थापलं, कडीच्या आत बोटाने भरलं, अंगठा तळव्यात दुमडला आणि खांबाला पाय लावला.

“बापाक, थोडं सोसा.”

तिने ओढलं. कातडी सोलून निघाली. म्हाताऱ्याच्या बसलेल्या घशातून कसलातरी आवाज आला, आणि हात बाहेर आला.

सुटल्या सुटल्या त्याच हाताची मूठ करून त्याने तिच्या तोंडावर मारली. जीव एकवटून मारली. सारियेम मागे कोसळली. ओठ फाटला आणि तोंड गरम रक्ताने भरलं. ती उठली नाही. आणखी मारणार असेल तर मारू दे, असं म्हणून पडून राहिली.

करसो तिच्याजवळ आला आणि वाकला. त्याने तिचा चेहरा न्याहाळला. मग त्याने लुंगीचा सोगा तिच्या ओठांवर दाबला.

“कोणी मारलं तुला, पोरी?”

तिने मान वळवून रक्त थुंकलं.

“नाव सांग. भिऊ नकोस. मी आहे ना.”

“गेला तो, बापाक.”

“गेला? परत येईल. असली माणसं परत येतात.”

त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढत नेऊन शेडच्या दारात ठेवलं. रस्त्याकडे तोंड करून, सोललेला हात मांडीवर घेऊन तो ताठ बसला. सारियेमने जिभेने तुटका दात बाहेर काढला आणि मुठीत धरला. मग ती सरकत सरकत गेली आणि त्याच्या पाठीमागे जमिनीवर बसली.