बेडकाची बंडी

"अहो, बंडीच करायची तर कापडाची शिवा की! कातड्याची कशाला? आणि तीही वेण्या घालून?"

असं म्हणत तिने हातातलं दोराचं वेटोळं दारात आदळलं. सकाळपासून ती दोर तपासत बसली होती. वीतभर दोर बोटांतून सरकवायचा, पीळ उकलून आतून कुजलाय का बघायचं, मग पुढची वीत. नवरा विहिरींतला गाळ काढायचा आणि ती काठावर दोर धरायची. लग्न झालं तेव्हापासून हेच चाललं होतं. उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसायला लागले की लोकांना हा माणूस आठवायचा. गावाने त्याचं नाव बेडूक ठेवलं होतं. काम असलं म्हणजे बेडूकदादा.

"शिवायची नाही, गुंफायची," बेडूकदादा म्हणाला. "सबंध कातडं भिजून वाळलं की तडकतं. गोफ तडकत नाही. कातड्याची एक वादी तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. पाठीवर लोखंडी कडी, कडीत दोर. काखेत काचायचं नाव नको."

काचण्याचं त्याचं खरं होतं. मागच्या उन्हाळ्यात उतरताना पाय निसटला आणि छातीभोवती बांधलेला दोर सर्रकन काखेत चढला. वर घेतला तेव्हा बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. पण तिला घोर बरगड्यांचा नव्हता, बरगड्यांच्या आत जे चाललं होतं त्याचा होता. वर्षभर खोकला काही त्याचा पिच्छा सोडत नव्हता. आधी नुसता पहाटे यायचा. आता चढ चढला की यायचा, हसला की यायचा, आणि एकदा आला की हा भिंत धरून उभा. चारचौघांत मात्र असा बेताबेताने श्वास घ्यायचा की कुणाला पत्ता लागू नये. विहिरीच्या तळाची हवा कोंदट असते. तिथे उबळ आली तर वर ओढेपर्यंत काय होईल, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"यंदा नाही उतरलात तर काय बिघडेल?"

"विहिरी काय आपोआप साफ होतात?"

"दुसरा कुणी उतरेल."

"कोण? नाव सांग ना एकाचं. सगळा गाव काठावरून वाकून बघणारा. आत जायला मी एकटाच आहे."

हे म्हणताना त्याची मान ताठ झाली. एवढ्या एका बोलण्यावर हा माणूस जगतोय, हे तिला कळत होतं. म्हणून तिने चपला घातल्या आणि ती त्याच्यासोबत निघाली.

गावाबाहेर एका खोलीच्या घरात कातड्याचं काम करणारा एक कारागीर राहायचा. लगाम, चाबूक, पट्टे, सगळं हाताने गुंफायचा म्हणून त्याला गुंफ्या म्हणत. घर लांबूनच नाकाला कळायचं. अंगणात कातडी भिजवायचे दोन हौद, आणि पलीकडे विहीर. हौद कोरडे पडले होते.

"बंडी करतो," गुंफ्या म्हणाला, "पण बदल्यात माझी विहीर साफ करून द्यायची. कातडी धुवायला पाणी नाही, आठवडाभर नुसता माश्या मारतोय. बंडी घालून पहिला इथेच उतर. कबूल?"

"कबूल!" बेडूकदादाने एका दमात सांगून टाकलं. विचारायचं तरी होतं, असं तिला वाटलं. पण विचारलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं?

गुंफ्याने एक ओली वादी घेतली आणि त्याच्या छातीभोवती फिरवली. "हे बघ, गोफाचं काम कापडासारखं नाही. उसवून सैल करता येत नाही. अख्ख्या कातड्यातून गोलगोल फिरवत एकेक लांब वादी काढायची आणि मापावर बसवायची. बसली ती बसली. म्हणून माप भरल्या छातीवर घेतो मी. घे, पुरता श्वास घे. बेडूक ना तू? फुगव की!"

बेडूकदादा हसला. खांदे वर उचलले, हनुवटी आत घेतली, पोट ताणलं. मोठा आव आणला. "घे. फुगवली."

गुंफ्याने वादीला गाठ मारली.

ती शेजारीच उभी होती. इतकी वर्षं ज्याच्या कुशीला झोपली, त्याचा श्वास पुरता कुठला आणि अर्धा कुठला, हे काय तिला कळत नव्हतं? श्वास अर्धाच होता. पुरता घेतला असता तर तिथेच खोकला सुटला असता. एक शब्द बोलायचा अवकाश होता. ती बोलली नाही. नवऱ्याचं दुखणं परक्यापुढे कसं काढायचं, हे एक. आणि दुसरं तिचं तिलाच माहीत. बंडी तंग झाली की बसणार नाही, आणि बसली नाही की हा उतरणार नाही. घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं हलकं वाटत होतं.

ते हलकेपण फार टिकलं नाही. अधूनमधून ती गुंफ्याकडे डोकवायची. तो पायाच्या अंगठ्याला वादीचं टोक अडकवून गुंफत बसलेला असायचा. दर पेराला वादी करकचून ओढायचा, चरबी चोळायचा, लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवायचा. एकदा तो म्हणाला, "ओढून बघा वहिनी. हत्ती लटकला तरी तुटणार नाही." तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गोफ तसूभर हलला नाही. तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की याने हट्टाने ही अंगावर चढवलीच तर? मग खाली छाती फुगायची कशी? आपण त्याला वाचवायला गेलो, की आपल्या हाताने आवळायला?

तेव्हा तरी सांगायचं. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिली आणि बंडी तयार झाली.

गुंफ्याच्या विहिरीवर पाचदहा माणसं जमली. काम करायला नव्हे, बघायला. "बेडकाला बंडी! आता याचं पुन्हा लग्नच लावा," कुणीतरी म्हणालं आणि सगळे खदखदले. बेडूकदादाही हसला, पण बेतानेच. पेटता कंदील दोरीने तळाशी सोडला. वात विझली नाही, म्हणजे हवा बरी होती. दोराचा एक वेढा काठावरच्या दगडी खांबाला दिला आणि दोर कप्पीवरून घेतला.

मग त्याने बंडी चढवली. पुढची बक्कलं जुळेनात. त्याने सगळ्यांकडे पाठ केली, आत होता नव्हता तेवढा श्वास बाहेर सोडला आणि बक्कलं ओढून लावली. वळला तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"घट्ट झाली का रे?" गुंफ्याने विचारलं.

"नवी आहे. बसेल."

एवढंच बोलून त्याने एक पाय आत टाकला. दोर तिच्या हातात होता. तो सैल सोडायचा, की नवरा खाली जाणार. 

"थांबा!"

"आता काय?"

"एक मोठा श्वास घ्या. मग उतरा."

"घेतलाय."

"नाही घेतला. सगळ्यांना दिसेल असा घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने त्याने पूर्वी पुष्कळदा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. दोर सोडून देणाऱ्याकडे पाहावं, तसा तो बघत राहिला. मग हट्टाने त्याने छाती भरायला घेतली. बंडीने तसूभर जागा दिली नाही. आत अडलेला श्वास खोकला होऊन बाहेर आला आणि थांबेचना. लोकांनी त्याला धरून काठापासून मागे घेतलं. बक्कलं तिनेच धडाधड सोडली. तो जमिनीला हात टेकून खोकत राहिला आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. वर्षभर लपवलेलं पाच मिनिटांत उघड्यावर पडलं.

"माप चोरलंस तू माझ्यापासून," गुंफ्या म्हणाला. "आणि वहिनी, तुम्ही तिथेच होता की! तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती यांना बसायला नको होती मला."

तिच्या तोंडून सरळ निघून गेलं. बेडूकदादाने मान वर केली नाही, पण त्याने ऐकलं होतं.  

 गुंफ्या चाचरत म्हणाला, "वाईट वाटतंय मला. पण माझ्या पाण्याचं काय आता?"

 एकाने आभाळाकडे पाहिलं, दुसऱ्याला एकदम घरचं काम आठवलं. तिने खाली पडलेली बंडी उचलली. तिला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. नवऱ्याचा शब्द गेला होता, आणि तो तिच्यामुळे गेला होता, एवढंच डोक्यात घोळत होतं. तिने बंडी अंगात घातली. खांद्यावर जरा ढगळ झाली. छातीवर मात्र बक्कलं सहज लागली. तिने पुरता श्वास घेऊन पाहिला.

"अगं, वेडबिड लागलंय का?" बेडूकदादा उठून उभा राहिला. "बायको विहिरीत आणि मी काठावर?"

"मग दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देऊ? सांगा."

  त्याने बाही तोंडावरून फिरवली, पुढे झाला, तिच्या पाठीवरच्या कडीत दोर ओवला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. गुंफ्या मागून दोर धरायला आला. त्याला त्याने हाताने लांब केलं.

ती खाली निघाली. भिंती गार होत्या आणि शेवाळाने बुळबुळीत. वरून त्याचा आवाज येत होता, "डावा पाय कपारीत! कपारीत म्हणतो! दगडावर भार नको देऊ, हलतोय तो!" इतका मोठा आवाज त्याने वर्षभरात काढला नव्हता. शिव्याही दोनचार घातल्या. तिला ऐकून बरं वाटलं. ती पोटरीभर गाळात टेकली, वरून कुणीतरी गाळासाठी रिकामी टोपली सोडली, आणि तिने वर पाहिलं. ताटाएवढं आभाळ आणि त्यात त्याचं डोकं. इथून त्याला रोज हेच दिसायचं, आणि त्यात आपलं डोकं असायचं.

तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग एकसारखा. पाठीवरचा दोर थरथरायला लागला. जो खोकला विहिरीत उतरू नये म्हणून तिने एवढं केलं, त्याच्याच हातात आता तिचा जीव होता.

तिने भिंतीला हात टेकला. "अहो, धरलाय ना?"

 वरून नुसता खोकला. मग कुणीतरी, बहुतेक गुंफ्या, म्हणालं, "आण इकडे, मी धरतो."

"हात लावू नको," बेडूकदादाचा घोगरा आवाज आला. आणि मग, दम घेत घेत, विहिरीत तोंड घालून तो म्हणाला, "धरलाय. तू टोपली भर."

दोर अजून थरथरत होता. ती वाकली आणि तिने दोन्ही हात गाळात घातले.