ओटीतला पोऱ्या

जावा जावा आणि उभा दावा, हे धुळ्याच्या सुनंदाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा दावा एकतर्फी होता, एवढंच. धाकटी जाऊ कोकिळा पाचोऱ्याला राहायची, दिवाळीला भेटायची, कधी उलटून बोलायची नाही. तरी तिचं नुसतं नाव निघालं की सुनंदाबाईचा जळफळाट व्हायचा.

कारण हितेश. सुनंदाबाईला मूल झालं नाही. कोकिळेला तिसरा मुलगा झाला, तेव्हा सासूनं दिवाळीच्या पाडव्याला चार बायका बोलावल्या आणि ते तान्हं पोर थोरलीच्या ओटीत घातलं. कोर्ट नाही, कचेरी नाही. ओटीत पडलं ते आपलं, असा घरचा रिवाज. शाळेत आईच्या नावापुढे सुनंदाच लागलं. पण पोराचं नाक कोकिळेचं होतं आणि हसणंही तिचंच, त्याला शाळा काय करणार? कोकिळा दरवर्षी त्याच्यासाठी कपडे आणायची. ते लहान होतात म्हणून सुनंदाबाई पेटीत टाकून द्यायची. कपडे चांगले मापाचे असायचे, ती गोष्ट वेगळी. हितेशला सगळं ठाऊक होतं, पण त्या घरात ते कुणी बोलायचं नाही. तो सुनंदाबाईला माय म्हणायचा आणि कोकिळेला काकू.

सोळाव्या वर्षी हितेश शेजारच्या बंटीच्या नादी लागला. दोन घरांची भिंत एकच. बंटी विशी ओलांडलेला, लोकांच्या मोटरसायकली उचलायच्या आणि दोंडाईच्याकडे नेऊन विकायच्या हा त्याचा उद्योग. चालवायला शिकवतो म्हणून त्यानं हितेशला पुढे बसवलं, आणि पोलिसांनी नाकाबंदीत धरलं तेव्हा हँडल हितेशच्याच हातात होतं. बंटी थोड्याच दिवसांत जामिनावर सुटून ओट्यावर पाय हलवत बसला. हितेश मात्र मुलांच्या निरीक्षणगृहात.

सुनंदाबाईचा नवरा लोटन पंक्चर काढायचा. त्याच्या ओळखीचा एकच वकील, तोही शेताच्या बांधाची भांडणं लढवणारा. तो म्हणाला, "लोटनभाऊ, पोरांचं काम मला जमत नाही. त्यांचं बाल न्याय मंडळ वेगळं, कायदा वेगळा. कोर्टात विधी सेवेचं ऑफिस आहे, तिथं मुलांना वकील मोफत मिळतो."

फुकट ते पौष्टिक असं लोक म्हणतात, पण वकिलाच्या बाबतीत सुनंदाबाईला ते पटेना. त्यातून मिळाली ती अलफिया नावाची पोरगेलीशी वकीलबाई, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात फाइल. तिनं आईबापाला भेटायच्या आधी हितेशलाच गाठलं होतं.

"मुगाची खिचडी आवडत नाही म्हणाला. ताट तसंच ठेवतो," अलफिया म्हणाली. "पण बोलतो छान. सगळं खरं सांगितलं त्यानं."

सगळं सांगितलं! एका भेटीत! घरी आठ-आठ दिवस तोंड न उघडणारं पोर! सुनंदाबाईला त्या वकीलबाईचाही हेवा वाटला. तिच्या मनाचं हे असं होतं, वाऱ्याशीही भांडेल.

अलफियानं पुढचं समजावलं. "मावशी, त्याला घरी सोडायला मंडळ तयार होईल. अडचण एकच. सुटल्यावर तो पुन्हा त्याच संगतीत जाणार असेल, तर सोडत नाहीत. आणि बंटी तुमच्या भिंतीपलीकडे राहतो. दुसऱ्या गावी कुणी जवळचं आहे का? त्याला ठेवून घेईल, शाळेत घालील असं?"

लोटननं तोंड उघडलं. सुनंदाबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं ते मिटून घेतलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "त्याला मीच एक आहे."

झालं. मंडळासमोर अलफिया पुष्कळ बोलली. पण घर तेच, भिंत तीच, शेजार तोच. दुसरी काही सोय दिसली तर पुन्हा या, असं साहेबांनी सांगितलं आणि हितेश आत राहिला.

"पाचोऱ्याले सांगू का?" घरी आल्यावर लोटन भीत भीत म्हणाला.

"सांग! सांग ना! ती येईन आणि मन्हा पोऱ्या उचलून लई जाईन. मंग तू आणि मी भिंतीकडे पाहत बसू!"

लोटन दुकानात जाऊन बसला.

पुढच्या भेटीला ती हितेशसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन गेली. आत नेता येत नाही म्हणाले. हितेश समोर आला. तो रडेल, माय घरी ने म्हणेल, असं ती मनाशी धरून आली होती. तो रडला नाही. खुर्चीत रेलून बसला आणि पाय हलवायला लागला.

"माय, टेन्शन घेऊ नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बंटीदादाचा निरोप आलाय. मी पोलिसांपुढे त्याचं नाव जास्त घेतलं नाही ना, म्हणून खूश आहे. बाहेर आलो की एक गाडी माझी. आणि आता कुलूप कसं तोडायचं तेपण मला माहितीये."

बोलून तो हसला. ते हसणं कोकिळेचं नव्हतं. सुनंदाबाईचंही नव्हतं. बंटी ओट्यावर बसून हसायचा, तसं होतं ते. इतकी वर्षं ती ज्या बाईवर दात ठेवून बसली होती तिनं काही नेलं नव्हतं, आणि पोर मात्र भिंतीपलीकडच्यानं डोळ्यांदेखत नेलं होतं. सुनंदाबाई तिथून उठली ती घरी गेलीच नाही. कळण्याची भाकरी पिशवीत तशीच घेऊन तिनं पाचोऱ्याची एसटी धरली.

कोकिळा दारातच धुणं वाळत घालत होती. "अक्का! एकट्याच? काय व्हयनं?"

वाटेत ठरवलेलं सगळं बोलणं सुनंदाबाई विसरली. "तुना पोऱ्या अटकना शे," ती म्हणाली. 'तुना', म्हणजे तुझा, हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

सगळं ऐकून कोकिळा मटकन खाली बसली. "माले कोणीच सांगं नही, अक्का?"

"मीच सांगं नही. तू त्याले लई जाशी म्हणून."

कोकिळेनं तिच्याकडे पाहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओले हात पदराला पुसले आणि चपला घातल्या.

पुढच्या तारखेला मंडळाच्या साहेबांनी विचारलं, "या बाई मुलाच्या कोण?"

"काकू," कोकिळा म्हणाली. बिचारी तिथंही रिवाज पाळत होती.

काकू म्हणून भागेल की नाही कोण जाणे, असं अलफियाच्या तोंडावर दिसत होतं. सुनंदाबाई उभी राहिली. "साहेब, ही त्याची आई आहे. जन्म हिनं दिला. मी सांभाळला फक्त. माझ्या घरी नका देऊ त्याला, भिंतीपलीकडे बंटी आहे. हिच्याकडे द्या. वकीलबाईला मी खोटं सांगितलं होतं."

साहेबांनी हितेशला विचारलं, "जाशील यांच्याबरोबर?"

हितेशचा तो नवा तोरा कुठल्या कुठे गेला. त्यानं कोकिळेकडे पाहिलंच नाही, सुनंदाबाईकडे पाहिलं. त्या क्षणी ती हरखली. इतकी हरखली की तिला स्वतःची लाज वाटली. मग ती म्हणाली, "जा."

त्याच दुपारी स्टँडवर पाचोऱ्याची गाडी लागली. हितेश खिडकीला बसला, कोकिळा शेजारी. चढताना कोकिळेनं हळूच विचारलं, "अक्का, त्याले काय आवडस?" सुनंदाबाईनं भरीत सांगितलं, शेवभाजी सांगितली, मूग देऊ नको म्हणून सांगितलं. एक गोष्ट मात्र तिनं मुद्दाम सांगितली नाही. एवढी तरी आपल्याकडे राहू दे.

गाडी सुरू झाली. वळणावर ती जरा थांबली, तशी सुनंदाबाई धावली आणि पत्र्यावर थापा मारायला लागली.

"कोकिळा! तो रागे भरना का जेवस नही! बोलू नको त्याले! ताट ठेव आणि जवळ बशी ऱ्हाय! तो आपोआप जेवस!"

कोकिळेनं मान हलवली. गाडी गेली. सुनंदाबाई स्टँडवर चारचौघांत मोठ्यानं रडली, आणि रडतानाही तिला त्या बाईचा राग येतच होता.