फौजदाराचा भोपळा

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मध्ये तोंड घालायला नको. मी चाकांच्या खुर्चीत बसते, माझी मान डुगडुगते, आणि माझं एक वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागतो की समोरचा माणूस तोवर गोड हसून, माझा गाल कुरवाळून पुढे गेलेला असतो. गाल! माझ्यासारख्या घोडबाईचा! पण डोकं माझं ठणठणीत आहे, आणि मनातल्या मनात मी जी बोलते ती कोणाच्या बापाला ऐकणार नाही. घरातले मला राणीसरकार म्हणतात, कारण मी कायम बसलेली असते आणि सगळ्यांवर डाफरत असते.

घरातले म्हणजे आम्हीच. ज्यांना एकटं राहणं जमत नाही आणि ज्यांना सांभाळणं घरच्यांना जमत नाही, असे सगळे आम्ही एका बैठ्या घरात राहतो. आमचं सगळं मोठ्या ताई बघतात. बाई वाईट नाही हो. कोणाला फिट आली तर त्याचं डोकं ताईंच्याच मांडीवर असतं. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावता येत नाही, आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

आमची खरी चैन म्हणजे बाहेरचे कार्यक्रम. रविवारी बागेत बँड वाजतो, वाचनालयात गोष्टी वाचून दाखवतात, शाळेच्या मैदानावर शर्यती होतात. ताई आम्हाला व्हॅनमध्ये कोंबून सगळीकडे नेतात. खोटं कशाला बोलू, मजा येते. आमच्यातली एक आहे, गाणंवाली. तिला गाण्याचा एक शब्द पाठ नाही, पण बँडवाल्याने तोंडाला पिपाणी लावायच्या आत हिचा सूर सुरू. बँडमास्तर तिला बघून टोपी काढतो, आणि मग पुढचा सबंध आठवडा ती आमच्यापुढे टोपी काढत फिरते. टोपी नसतानाच. आम्ही हसून हसून बेजार.

फौजदार मात्र बँडला कंटाळतो. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून हा दारंखिडक्यांच्या कड्या तपासतो, म्हणून फौजदार. अंगाने आडदांड, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्याला एकदा एक गोष्ट सांगितली की ती दगडावरची रेघ. "पाच मिनिटांत येते" म्हणून ताई गेल्या तर सहाव्या मिनिटाला हा दारात उभा, आणि तोंड असं की ताईंनी त्याचं घर लुटलंय.

गेल्या वर्षी वस्तीच्या मेळाव्यात भाज्यांचं प्रदर्शन होतं. भोपळ्यांच्या स्पर्धेत दरवर्षी एकच माणूस जिंकतो, निवृत्त बसड्रायव्हर. काट्यावर त्याचा भोपळा चढला, आकडा पुकारला, टाळ्या पडल्या, चांदीसारखा चकचकीत कप त्याच्या हातात आला. फौजदार तोंड उघडं टाकून बघत होता. ड्रायव्हरसाहेब खुशीत होते. त्यांनी ह्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, "बघतोस काय? लाव की तूही! सगळ्यांत जड ज्याचा, कप त्याचा."

झालं. लोक बोलायचं म्हणून बोलतात. ह्याने ते गाठीला बांधलं.

घरामागे नळाजवळ ओलसर जागा आहे, तिथे त्याने वेल लावला. उष्टंखरकटं कुजवून खत घातलं. वेलाला फळं धरली तेव्हा एक ठेवून बाकीची खुडून टाकली. खुडताना ढसाढसा रडला, पण खुडली. कोणी सांगितलं त्याला? ड्रायव्हरनेच. तो कुंपणाजवळून जायला लागला की हा त्याला विचारायचा आणि तोही ऐटीत सांगायचा. भोपळ्याखाली फौजदाराने आपली उशी ठेवली. ताई ओरडल्या तर म्हणाला, "मला नको. त्याचं बूड कुजेल, माझं डोकं नाही कुजणार." मी इतकी हसले की मला ठसका लागला.

रोज संध्याकाळी तो माझी खुर्ची ढकलत तिथे न्यायचा आणि विचारायचा, "वाढला?" मी मान हलवायची. माझी मान तशीही हलतेच, पण त्याला माझं हो कळतं. माझं वाक्य संपेपर्यंत थांबणारा ह्या जगात तो एकच. मग म्हणायचा, "ड्रायव्हर म्हणाले. जड ज्याचा, कप त्याचा. पक्कं ना?" मी म्हणायची, पक्कं. ताईंनाही त्याने विचारलं, आणि ताई माझ्यासमोर म्हणाल्या, "हो रे राजा, स्पर्धेत ठेवू तुझा भोपळा."

मेळाव्याच्या दिवशी भोपळा माझ्या मांडीवर बसून निघाला. दुसरं वाहन कुठलं? व्हॅनपासून मैदानापर्यंत मीच त्याची पालखी. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या, पण मी हूं की चूं केलं नाही. फौजदाराने नवा शर्ट घातला होता, वरचं बटण गळ्याला काचेपर्यंत लावलेलं.

भाज्यांच्या मांडवाच्या तोंडाशी अध्यक्षबाई उभ्या होत्या, वस्तीतले सगळे कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाच्या. आवाज असा की साखरेत घोळलेला. "अगंबाई, आले का आमचे खास पाहुणे! केवढा छान भोपळा! सगळ्यांनी मिळून लावला का?"

"मी लावला," फौजदार म्हणाला.

"हो का बाळा? शहाणा गं!" पांढऱ्या केसांच्या माणसाला बाळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी ताईंना जरा बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या खुर्चीजवळ. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात, कपाटासमोर बोलावं तसं. "मी काय म्हणते, ह्यांना स्पर्धेत नको. हरले तर मनाला लावून घेतात बिचारे. आम्ही खास विभाग ठेवलाय. सगळ्यांना पदकं. कोणी नाराज नाही."

ताईंनी एकदा फौजदाराकडे बघितलं. मी म्हणायला लागले, "ताई, तुम्ही..." आणि "कबूल केलंत" हे माझ्या तोंडातून निघेपर्यंत ताई "चालेल, चालेल" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

खास विभाग म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल. त्यावर आमचा भोपळा, आमच्या चित्रकलेच्या वर्गातले कागद आणि कोणीतरी केलेली लोकरीची मांजरं. काटा मांडवाच्या त्या टोकाला. फौजदाराला वाटलं आपला नंबर यायचाय. तो भोपळ्याजवळ हात मागे बांधून ताठ उभा राहिला.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब फिरत फिरत आले. भोपळा बघून थबकले. इकडेतिकडे बघितलं, दोन्ही हात खाली घातले आणि तो जरासा उचलून बघितला. त्यांचा चेहरा मी नीट बघत होते. मला बघण्याशिवाय दुसरा उद्योगच काय? तोंडावरचा रंग उतरला त्यांचा. भोपळा त्यांनी हळूच खाली ठेवला, टेबलावरची 'खास विभाग' ही पाटी वाचली, आणि रंग परत आला. "छान आहे हो," म्हणाले, आणि गेले.

मग वजनं झाली. ड्रायव्हरचा एकोणीस किलो. टाळ्या, कप, फोटो. फौजदार हात मागे बांधून उभाच. त्यानंतर अध्यक्षबाई आमच्याकडे आल्या आणि आमच्या प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पदक अडकवलं. गाणंवाली हरखली, तिने ते चावून बघितलं. माझ्याही गळ्यात घातलं. कशाबद्दल? श्वास घेतल्याबद्दल असणार.

फौजदाराने पदक उलटंसुलटं करून बघितलं. "वजन?" त्याने विचारलं.

"तुम्ही सगळेच पहिले!" बाई म्हणाल्या.

"वजन?"

बाई हसल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. सगळे खाण्याच्या मांडवाकडे पांगले. ताई गाणंवालीला घेऊन हात धुवायला गेल्या. फौजदाराने भोपळा उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ढकलायला लागला. कुठे ते विचारायची गरजच नव्हती.

काटा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा होता. काटा पुसून तो न्यायच्या तयारीत होता. फौजदार म्हणाला, "माझा राहिला." भाजीवाल्याने खांदे उडवले. "ठेव बाबा." भोपळा काट्यावर बसला. लाल आकडे पळाले आणि थांबले. तेवीस.

"तेवीस," मी म्हणाले. एकच शब्द, म्हणून पटकन निघाला. फौजदार हसला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, असं हसताना कधी बघितला नव्हता. मला वाटलं, उठून नाचावं. कशी नाचणार, ते सोडा.

तो तडक खाण्याच्या मांडवात गेला, मला ढकलतच. ड्रायव्हरसाहेब बायकोशेजारी ताट घेऊन बसले होते, कप टेबलावर. फौजदार म्हणाला, "माझा तेवीस. तुमचा एकोणीस. जड ज्याचा, कप त्याचा. तुम्ही म्हणालात." आणि त्याने कप उचलला. हिसकावला नाही. आपली वस्तू उचलावी तसा उचलला.

ड्रायव्हरच्या बायकोने किंकाळी फोडली. ड्रायव्हरने कपाचा दुसरा कान धरला. ओढाओढीत कान तुटून हातात आला, ताट उलटलं, लोक उठले. अध्यक्षबाई धावत आल्या. भाजीवाल्याकडे कोणीतरी बघितलं तर तो म्हणाला, "मी आपला काटा आणलाय फक्त," आणि मान वळवली. मी ओरडत होते, "तेवीस, तेवीस," तर एका बाईने मला पाणी आणून दिलं.

मग ड्रायव्हरसाहेब बोलले. ज्या माणसाने थोड्या वेळापूर्वी तो भोपळा स्वतःच्या हातांनी तोलला होता, तो मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "अहो असू द्या, असू द्या. खेळू द्या त्याला कपाशी थोडा वेळ."

लोकांना काय गहिवरून आलं! एकाने तर त्यांची पाठ थोपटली. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. फेकायला गेले तर माझ्याच अंगावर सांडला.

ताई आल्या, फौजदाराच्या हातून कप काढून घेतला आणि सगळ्यांची हात जोडून माफी मागितली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही समजू शकतो. पण इथे म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. पुढचे काही कार्यक्रम तुम्ही जरा... आपण बघू." ताईंनी मान डोलावली. फौजदार हाताची बोटं उलगडून दाखवत होता, वीस आणि वर तीन. कोणी मोजत नव्हतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ताईंनी सांगितलं, रविवारी बागेत जायचं नाही. बँड नाही. वाचनालय पण नाही. मंडळाकडून निरोप येईपर्यंत काहीच नाही. गाणंवालीने भोकाड पसरलं. आणि मग जे झालं त्याने माझं काळीज कातरलं. आमचेच लोक, एकेकजण, फौजदाराकडे बोट दाखवायला लागले. "तुझ्यामुळे." "ह्याच्यामुळे." गाणंवालीने तर त्याच्या दंडावर चापट मारली. अध्यक्षबाईवर कोणी चिडलं नाही, ड्रायव्हरवर नाही, ताईंवर नाही. ती माणसं आमच्या हातात कुठे आहेत? हातात होता तो फौजदार.

मी म्हणाले, "त्याचं काही..." आणि गलक्यात ते बुडालं.

ताईंनी सगळ्यांना गप्प केलं. त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या, त्याचा हात हातात घेतला. डोळे त्यांचेही लाल होते. "मी रागावले नाहीये रे," त्या म्हणाल्या. "पण आज चूक झाली ना? काय चुकलं, तूच सांग बघू."

फौजदार विचारात पडला. तो विचार करतो तेव्हा कपाळाला आठ्या घालून अगदी मनापासून करतो. मी मनात म्हणत होते, सांग तिला. सांग, तुम्ही शब्द दिला होता. तू विसरत नाहीस ना काही? मग सांग!

"भोपळा फार मोठा झाला," तो म्हणाला.

त्याने ताईंकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी छोटा लावतो. मग नेतील ना आपल्याला?"

ताईंनी एवढंच म्हणायला हवं होतं की नाही रे, तसं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हो राजा. नेतील."

गाणंवालीने नाक पुसलं. "किती छोटा?" तिने विचारलं.

फौजदाराने दोन्ही हात पुढे करून अंतर धरलं. तिच्या तोंडाकडे बघितलं, हात आणखी जवळ आणले. मग आम्हा सगळ्यांकडे वळून त्याने विचारलं, "एवढा चालेल?"